कथक परीक्षांची पूर्वतयारी

कथक परीक्षांची पूर्वतयारी म्हणजे कथक या उत्तर हिंदुस्थानी शास्त्रीय नृत्यशैलीच्या श्रेणीबद्ध परीक्षांसाठी विद्यार्थ्याने गुरूच्या मार्गदर्शनाखाली केलेला नृत्त, अभिनय, पढंत आणि शास्त्र यांचा एकत्रित अभ्यास होय. महाराष्ट्रात या परीक्षा प्रामुख्याने अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या अभ्यासक्रमानुसार दिल्या जातात. प्रारंभिकपासून अलंकारपर्यंत चढत जाणाऱ्या या परीक्षांत विद्यार्थ्याला परीक्षकांसमोर थोड्या वेळात एकट्याने नृत्य सादर करावे लागते, बोल हाताने टाळी धरून म्हणून दाखवावे लागतात, कथाप्रसंगांचा अभिनय करावा लागतो आणि विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. त्यामुळे ही तयारी केवळ पाठांतराची नसते. लय कानांत, बोल जिभेवर आणि हालचाल अंगात एकाच वेळी मुरलेली असणे ही तिची मुख्य अट आहे.

पार्श्वभूमी

कथकची विद्या परंपरेने घराण्यांतून, गुरूच्या सहवासात दिली जात असे. लखनौ, जयपूर आणि बनारस ही तिची प्रमुख घराणी असून राजा चक्रधर सिंह यांच्या आश्रयाने वाढलेल्या रायगढ परंपरेचाही स्वतंत्र उल्लेख केला जातो. या पद्धतीत ठरावीक अभ्यासक्रम, इयत्ता किंवा प्रमाणपत्र नव्हते. शिष्याला पुढचे केव्हा द्यायचे, हे गुरू ठरवीत असे.

संगीतशिक्षणाला शाळेचे रूप देण्याचे मोठे काम पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी केले. त्यांनी १९०१ साली लाहोर येथे गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली. १९३१ साली त्यांचे मिरज येथे निधन झाले आणि त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. मंडळाने गायन-वादनाबरोबर पुढे नृत्यालाही आपल्या परीक्षापद्धतीत स्थान दिले. उत्तर भारतात पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रेरणेने लखनौ येथे १९२६ साली सुरू झालेले संगीत महाविद्यालय आणि त्याच वर्षी स्थापन झालेली अलाहाबादची प्रयाग संगीत समिती यांनीही अशाच स्वरूपाचे शिक्षण रुजविले.

नृत्याच्या बाबतीत या बदलाला सामाजिक महत्त्वही होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेल्या नाचविरोधी चळवळीनंतर घरंदाज म्हणविणाऱ्या कुटुंबांत मुलींनी नृत्य शिकणे कमीपणाचे समजले जात होते. अभ्यासक्रम, वर्ग, परीक्षा आणि प्रमाणपत्र या चौकटीमुळे नृत्याकडे एक विद्या म्हणून पाहणे मध्यमवर्गाला सोपे झाले. पुण्यात रोहिणी भाटे (१९२४–२००८) यांनी १९४७ साली नृत्यभारती ही संस्था स्थापन करून कथकच्या शिस्तबद्ध शिक्षणाचा पाया घातला. आज महाराष्ट्रातील लहानमोठ्या गावांत चालणाऱ्या कथकच्या वर्गांमागे या दोन्ही प्रवाहांचा वाटा आहे.

परीक्षांची रचना

मंडळाच्या परीक्षा पुढील क्रमाने होतात :

प्रारंभिक
प्रवेशिका प्रथम
प्रवेशिका पूर्ण
मध्यमा प्रथम
मध्यमा पूर्ण
विशारद प्रथम
विशारद पूर्ण
अलंकार प्रथम
अलंकार पूर्ण

विशारद ही सामान्यतः पदवीच्या आणि अलंकार ही पदव्युत्तर शिक्षणाच्या तोडीची मानली जाते. परीक्षा वर्षातून दोन सत्रांत, साधारणपणे एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर या महिन्यांत होतात. सुरुवातीच्या पातळ्यांवर प्रात्यक्षिक आणि तोंडी प्रश्न यांवर भर असतो. पुढे लेखी परीक्षेची जोड मिळते आणि वरच्या परीक्षांत मंचप्रदर्शनालाही महत्त्व येते. महाराष्ट्रात शास्त्रीय कलांच्या मान्यताप्राप्त परीक्षा उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यांना दहावीच्या परीक्षेत वाढीव गुणांची सवलत मिळू लागल्यापासून शालेय विद्यार्थ्यांचा या परीक्षांकडील ओढा वाढला आहे.

नृत्तांगाची तयारी

तत्कार

कथकच्या शिक्षणाचा आरंभ तत्काराने होतो. ‘ता थेई थेई तत् । आ थेई थेई तत्’ हे आठ मात्रांचे बोल दोनदा घेतले की तीनतालाचे १६ मात्रांचे आवर्तन पूर्ण होते. पहिल्या चार मात्रा उजव्या पायाने आणि पुढच्या चार डाव्या पायाने सुरू होतात. हा बदल अंगवळणी पडला नाही, तर लय वाढताच पाय अडखळतात.

परीक्षेत तत्कार बरोबरीच्या लयीत, दुपटीत आणि चौपटीत करून दाखवावा लागतो. पुढील पातळ्यांवर दीडपट म्हणजे आड यासारख्या अवघड लयकारी येतात. दुपटीत जाताना मूळ लय तीच राहते आणि एका मात्रेत दोन बोल बसतात. नवशिक्या विद्यार्थ्यांचा येथे नेहमी होणारा गोंधळ असा की, ते दुपटीऐवजी मूळ लयच वाढवितात. यावर उपाय म्हणून वर्गात हाताने टाळी धरून तोंडाने दुपट म्हणण्याचा आणि नंतरच ती पायांत उतरविण्याचा क्रम ठेवला जातो. चौपटीहून बरोबरीत परत येणे हे वर जाण्यापेक्षा कठीण असल्याने त्याचा स्वतंत्र सराव करावा लागतो.

ताल आणि पढंत

बोल हातावर ताल धरून म्हणून दाखविण्यास पढंत म्हणतात. कथकच्या परीक्षेत पढंतीला नृत्याइतकेच महत्त्व आहे, कारण विद्यार्थी रचना समजून करतो की केवळ हालचालींची नक्कल करतो, हे तीवरून उघड होते. अभ्यासक्रमात येणारे काही ताल असे :

तीनताल : १६ मात्रा, चार-चार मात्रांचे ४ विभाग, टाळी १, ५, १३ वर आणि काल ९ वर.
झपताल : १० मात्रा, २-३-२-३ असे विभाग, टाळी १, ३, ८ वर आणि काल ६ वर.
एकताल : १२ मात्रा, दोन-दोन मात्रांचे ६ विभाग, टाळी १, ५, ९, ११ वर आणि काल ३ व ७ वर.
रूपक : ७ मात्रा, ३-२-२ असे विभाग; समेवरच काल, टाळी ४ व ६ वर.
धमार : १४ मात्रा, ५-२-३-४ असे विभाग; टाळी १, ६, ११ वर आणि काल ८ वर.

रूपकात समेवर काल येतो, हे सर्वांना पाठ असते. परंतु प्रत्यक्ष पढंत करताना सवयीने समेवर टाळी पडते. परीक्षकांपुढे होणाऱ्या चुकांपैकी ही एक नेहमीची चूक आहे. पढंतीत आवाजाचा चढउतारही पाहिला जातो. परण ही पखवाजाच्या बोलांची रचना असल्याने ती वजनदार उच्चारावी लागते. तुकड्यातील नाचाचे बोल त्यामानाने हलके येतात आणि कवित्तात शब्दांचा अर्थ स्पष्ट कळावा लागतो. सगळे बोल एकाच सुरात म्हटले, तर रचनांमधील भेद हरवतो.

तिहाईचे गणित

एकच बोलसमूह तीनदा घेऊन समेवर येणे म्हणजे तिहाई. वरच्या पातळीवर परीक्षक तिहाई पाठ म्हणवून घेण्याऐवजी ती का जुळते, हे विचारतात. म्हणून तिचे गणित समजणे तयारीचा आवश्यक भाग ठरतो.

तीनतालात समेपासून सुरू होऊन पुढच्या समेवर संपणारी तिहाई १७ मात्रांची असते, कारण १६ मात्रांचे आवर्तन संपून पुढची सम ही सतरावी मात्रा होते. पाच मात्रांचा बोल आणि मध्ये एक-एक मात्रेचा दम घेतल्यास ५ + १ + ५ + १ + ५ = १७ असा हिशेब बसतो. मध्ये दम न घेता, म्हणजे बेदम तिहाई घ्यायची असेल, तर १७ ला तीनाने भाग जात नाही. मात्र दोन आवर्तने आणि सम मिळून होणाऱ्या ३३ मात्रांना जातो. म्हणून ११ मात्रांचा बोल तीनदा घेतला की तिहाई समेवर येते. कालापासून, म्हणजे नवव्या मात्रेपासून उठणारी तिहाई हवी असल्यास समेपर्यंत ९ मात्रा मिळतात आणि तीन मात्रांचा बोल तीनदा पुरतो.

ताल बदलला की हिशेब बदलतो. तीनतालात दम घेऊन बसणारा पाच मात्रांचा बोल रूपकात बेदम घेतला, तर १५ मात्रांत, म्हणजे दोन आवर्तनांनंतरच्या समेवर अचूक येतो. झपतालात एका आवर्तनानंतर समेवर यायचे तर ११ मात्रा हव्यात. तेथे तीन मात्रांचा बोल आणि एक-एक मात्रेचा दम चालतो. ज्या विद्यार्थ्याला हे उमगते, त्याला नवा ताल आला तरी भीती वाटत नाही. चक्रदार रचनेत तर तिहाईसह संपूर्ण तुकडाच तीनदा येतो, त्यामुळे पहिल्या फेरीतील अर्ध्या मात्रेची चूकही शेवटी सम चुकविते.

अभिनयाची तयारी

कथक या नावातच कथा आहे. परीक्षेतील अभिनयाचा भाग नाट्याच्या अगदी जवळचा असून तेथे एकच नर्तक किंवा नर्तकी सर्व पात्रे उभी करते. वेशांतर नसते, नेपथ्य नसते आणि बहुधा संवादही नसतो.

शास्त्राधार

भरताच्या नाट्यशास्त्रात आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत. त्यातच आठ रसांचे विवेचन असून शांत हा नववा रस नंतरच्या परंपरेत प्रतिष्ठित झाला. हस्तमुद्रांसाठी विद्यार्थी मुख्यतः नंदिकेश्वराच्या अभिनयदर्पण या ग्रंथाचा आधार घेतात; त्यात २८ असंयुत हस्त दिले आहेत, तर नाट्यशास्त्रात त्यांची संख्या २४ आहे. तोंडी परीक्षेत संख्या सांगताना ग्रंथाचे नाव सांगणे म्हणूनच गरजेचे असते.

गतभाव

एखादी कथा तालाच्या चौकटीत, शब्दांवाचून, गतीच्या आधारे सादर करणे म्हणजे गतभाव. माखनचोरी, पनघट, कालियामर्दन, गोवर्धनधारण आणि द्रौपदीवस्त्रहरण हे त्याचे रूढ विषय होत.

गतभावाची तयारी कथेपासून करावी लागते. विद्यार्थ्याने प्रथम प्रसंग स्वतःच्या शब्दांत सांगावा, नंतर त्याचे टप्पे पाडावेत आणि प्रत्येक टप्प्याला आवर्तने नेमून द्यावीत, असा क्रम उपयुक्त ठरतो. माखनचोरीचे उदाहरण घेतल्यास यशोदा लोणी काढून शिंक्यावर ठेवते, कृष्ण चाहूल घेत येतो, हात पुरत नाही म्हणून युक्ती करतो, लोणी खातो आणि पकडला जातो, असे टप्पे पडतात. यांपैकी पहिल्याच टप्प्यात बहुतेक आवर्तने खर्ची पडली, तर पकडले जाण्याचा कळसाचा क्षण घाईत उरकावा लागतो.

एका पात्रातून दुसऱ्या पात्रात जाण्यासाठी पलटा घेतात. पलटा घेतला की केवळ दिशा बदलून भागत नाही; खांद्यांची ठेवण, पावलांचे वजन, श्वास आणि नजर हे सगळे बदलावे लागते. नजरेची उंची ही येथील सूक्ष्म पण निर्णायक बाब आहे. यशोदा कृष्णाकडे पाहते ती खाली, कृष्ण तिच्याकडे पाहतो तो वर. शिंके ज्या जागी आणि ज्या उंचीवर एकदा दाखविले, तेथेच ते शेवटपर्यंत राहिले पाहिजे. नर्तकीच जर लोण्याचे मडके विसरली आणि ते ठेवले होते त्या जागेवरून चालत गेली, तर पाहणाऱ्याच्या मनात उभे राहिलेले घर मोडते. परीक्षक अशा गोष्टी बारकाईने पाहतात.

आरशासमोर चेहऱ्याचे भाव बसविण्याची पद्धत सुरुवातीला साहाय्यक असली, तरी तिच्या अतिरेकाने अभिनय कृत्रिम होतो. ओठ विलग करून आणि भुवया उंचावून दाखविलेले आश्चर्य आणि कथेतील पात्राला खरोखर वाटलेले आश्चर्य यांत फरक असतो. म्हणून शेवटच्या टप्प्यात आरसा झाकून किंवा त्याकडे पाठ करून सराव करण्यावर काही गुरू भर देतात.

ठुमरी आणि नायिकाभेद

वरच्या परीक्षांत ठुमरी, भजन, अष्टपदी अशा पदांवरील अभिनय येतो. लखनौ घराण्यातील बिंदादीन महाराजांच्या ठुमऱ्यांना कथकच्या अभिनयात मानाचे स्थान आहे. ठुमरीची एकच ओळ पुन्हा पुन्हा येते आणि प्रत्येक वेळी तिचा निराळा अर्थ दाखवायचा असतो. पदाचा शब्दशः अर्थ, भाषेतील बारकावे आणि बोलणारी नायिका कोणत्या अवस्थेत आहे, हे कळल्याशिवाय ते साधत नाही. वासकसज्जा, विरहोत्कंठिता, खंडिता, कलहांतरिता, विप्रलब्धा, प्रोषितभर्तृका, स्वाधीनभर्तृका आणि अभिसारिका या अष्टनायिका पाठ असणे पुरेसे नसते. खंडितेचा राग आणि कलहांतरितेचा पश्चात्ताप बसण्याच्या पद्धतीतून वेगळा दाखविता आला पाहिजे. कोवळ्या वयाच्या विद्यार्थिनींना हे भाव अनुभवाबाहेरचे असतात. अशा वेळी वाट पाहणे, रुसणे, चुकल्याची जाणीव होणे या परिचित अनुभवांच्या आधाराने शिक्षक त्यांना पदापर्यंत नेतात.

साथसंगत

नृत्याला तबला आणि हार्मोनियम किंवा सारंगीवर वाजविला जाणारा लेहरा यांची साथ असते. लेहरा म्हणजे तालाच्या एका आवर्तनात बसविलेली, सतत फिरणारी सुरावट. तिच्यामुळे नर्तकाला सम कळते. घरचा सराव बहुधा ध्वनिमुद्रित लेहऱ्यावर किंवा मोबाइलवरील उपयोजनावर होतो. यंत्राची लय ढळत नाही. परंतु माणसाच्या साथीत ती किंचित हलते आणि नर्तकाला ऐकत राहावे लागते. म्हणून परीक्षेपूर्वी प्रत्यक्ष तबल्याबरोबर काही वेळा सराव होणे आवश्यक मानले जाते. आपल्याला हवी ती लय साथीदाराला टाळीने किंवा बोल म्हणून स्पष्ट सांगता येणे, हीसुद्धा शिकण्याची गोष्ट आहे. लय चढी सांगून बसणे आणि मग तत्कारात धाप लागणे, हा प्रकार परीक्षेच्या दालनात वारंवार दिसतो.

लेखी परीक्षा

लेखी परीक्षेत पारिभाषिक संज्ञांच्या व्याख्या, घराण्यांची वैशिष्ट्ये, नर्तकांची चरित्रे, रस आणि नायक-नायिकाभेद, अन्य शास्त्रीय नृत्यशैलींची ओळख तसेच तुकडे व तिहाया ताललिपीत लिहिणे यांसारखे प्रश्न येतात. ताललिपीच्या भातखंडे आणि पलुस्कर अशा दोन पद्धती आहेत. भातखंडे पद्धतीत समेसाठी फुली आणि कालासाठी शून्य हे चिन्ह वापरतात. पलुस्कर पद्धतीची चिन्हे वेगळी आहेत. एकाच उत्तरात दोन्हींची सरमिसळ होऊ नये, यासाठी आपण नाचतो ती प्रत्येक रचना वहीत स्वहस्ते लिहून ठेवण्याची सवय उपयोगी पडते. अशी वही पुढे विद्यार्थ्याचा आयुष्यभराचा संग्रह बनते.

शरीर, वेश आणि घुंगरू

कथकमध्ये तळपायांचे आघात सतत होत असल्याने नडगी, घोटा आणि गुडघा यांवर ताण येतो. सिमेंटच्या किंवा फरशीच्या कठीण जमिनीवर दीर्घकाळ केलेला तत्कार अपायकारक ठरू शकतो. लाकडी जमीन अधिक चांगली. परीक्षा जवळ आल्यावर सराव एकदम दुप्पट करण्यापेक्षा काही महिने रोज ठरावीक वेळ तो करणे शरीराला मानवते. सततच्या वेदनेकडे दुर्लक्ष करून नाचत राहणे हे निष्ठेचे लक्षण समजू नये.

चक्करांसाठी नजर समोरच्या एका बिंदूवर ठेवून मान शेवटी वळवून पुन्हा त्याच बिंदूवर आणण्याची सवय लागते; तीमुळे भोवळ येत नाही. कथकचे घुंगरू सुती दोरीत ओवलेले असतात. लहान मुलांना कमी आणि वरच्या पातळीवर प्रत्येक पायात सुमारे शंभर किंवा अधिक घुंगरू बांधतात. नवे घुंगरू परीक्षेच्या दिवशी प्रथमच बांधू नयेत, कारण वजन बदलले की पायाचा अंदाज बदलतो. पोशाख साधा, अंगाला नीट बसणारा आणि ओढणी पक्की खोचलेली असावी.

परीक्षेचा दिवस

परीक्षेच्या दालनात विद्यार्थ्याने परीक्षकांना व साथीदारांना नमस्कार करून, ताल आणि रचनेचे नाव सांगून सुरुवात करणे अपेक्षित असते. रूढ क्रमात वंदना, थाट, आमद, तोडे-तुकडे, परण, चक्रदार, कवित्त, गत, गतभाव आणि तत्कार असे घटक पातळीनुसार येतात. परीक्षक मात्र मध्येच थांबवून दुसरे काही करावयास सांगू शकतात. म्हणून रचना ठरलेल्या क्रमानेच पाठ करणे धोक्याचे असते. घरी चिठ्ठ्या टाकून निघेल ती रचना करून दाखविण्याचा सराव या अडचणीवर गुणकारी ठरतो.

सम चुकल्यास थांबून रडवेले होणे किंवा सुरुवातीपासून पुन्हा घाई करणे, या दोन्हींपेक्षा तत्कार धरून एक आवर्तन लेहरा ऐकणे आणि पुढच्या समेवरून रचना पुन्हा घेणे योग्य. चूक सावरता येणे हेही लय पक्की असल्याचेच लक्षण होय. उत्तर येत नसल्यास तसे स्पष्ट सांगावे; अंदाजाने दिलेले उत्तर पुढच्या प्रश्नात उघडे पडते.

मतभेद

परीक्षापद्धतीविषयी कलाक्षेत्रात एकमत नाही. श्रेणीबद्ध अभ्यासक्रमामुळे नृत्यशिक्षणाला निश्चित टप्पे मिळाले, घराण्याबाहेरील सामान्य विद्यार्थ्याला कलेचे दार उघडले आणि लहान गावांतील शिक्षकांनाही एक मापदंड लाभला, असे समर्थक सांगतात. टीकाकारांच्या मते प्रमाणपत्र आणि वाढीव गुण हेच ध्येय बनल्याने नेमून दिलेल्या रचना घोटून घेण्याकडे कल वाढतो, घराण्यांची वैशिष्ट्ये पुसट होतात आणि पूर्वीची परीक्षा नीट न मुरताच पुढची दिली जाते. दहावीनंतर अनेक विद्यार्थी नृत्य सोडून देतात, याकडेही ते लक्ष वेधतात.

या वादात दोन्ही बाजूंचे अनुभवी शिक्षक एका मुद्द्यावर सहसा सहमत असतात : परीक्षेतील रचना विसरल्या जाऊ शकतात, पण तयारीच्या काळात कमावलेला लयीचा कान आणि दुसऱ्याच्या भूमिकेत शिरण्याची सवय टिकून राहते. ज्या वर्गांत या दोन गोष्टींवर लक्ष दिले जाते, तेथे परीक्षा ही शिक्षणाची सीमा न राहता त्यातील एक टप्पा होते.

हे सुद्धा पहा

कथक
विष्णु दिगंबर पलुस्कर
रोहिणी भाटे
नाट्यशास्त्र
ताल
अष्टनायिका